तळ्यांतील राक्षस आणि बांधावरील मगर

जलाशयाच्या तळाशीं कांहीं तरी भयंकर दडून बसलें आहे, ही कल्पना फार जुनी आहे. स्कॉटलंडांतील नेस सरोवराच्या राक्षसाचें नांव तर आज सर्वतोमुखीं झालें आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या संत कोलंबाच्या चरित्रांत नेस नदींतील एका हिंस्र जलचराची कथा येते; परंतु राक्षसाची आजची कीर्ति १९३३ सालच्या वृत्तपत्रांनीं घडविली. पुढच्याच वर्षीं लांब मानेच्या प्राण्याचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. तें खेळण्यांतल्या पाणबुडीवर मान बसवून केलेलें सोंग होतें, हें १९९४ सालीं उघडकीस आलें. २०१९ सालीं जाहीर झालेल्या संशोधनांत सरोवराच्या पाण्यांत प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याची जनुकीय खूण मिळाली नाहीं. वाम माशाची मात्र विपुल मिळाली. तरीहि प्रवाशांची रीघ थांबलेली नाहीं. १९९६ सालच्या ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेममध्यें तर ‘लाप्रास’ नांवाचा तसाच लांब मानेचा जलचर माणसांना पाठीवर घेऊन पाणी ओलांडतो! राक्षसाची होडी झाली आणि भयाचें खेळणें झालें.

आपल्याकडे या भयाचें स्वरूप निराळें होतें. मकर हें गंगेचें व वरुणाचें वाहन; त्याच शब्दापासून ‘मगर’ हा शब्द निघाला. कोंकणांत पाण्यांत गिऱ्हा राहतो व एकट्यादुकट्यास खोलांत ओढतो, अशी समजूत आहे. मुलांना धोक्याच्या डोहापासून दूर ठेवण्याचें काम या समजुतीनें खासच केलें असेल.

परंतु भयाला कर्तव्याची जोड दिलेली पाहावयाची तर गोव्याकडे वळावें लागतें. भाईंदरच्या खाडीकांठीं जशीं खाजणें व मिठागरें, तशींच तिकडे भरतीचें पाणी बांधानें अडवून पिकविलेलीं खाजणें आहेत, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यांत मगरी आहेत. पौष अमावास्येस कांहीं गांवांतील शेतकरी चिखलाची मगर घडवितात, शिंपल्यांनीं सजवितात व तिची पूजा करितात. यास ‘मानगे थापणी’ म्हणतात. मगरीनें माणसांस उपद्रव देऊं नये, शेताचें व बांधाचें रक्षण व्हावें, ही त्यांतील प्रार्थना. जिच्याशीं भांडून भागणार नाहीं अशा शेजारणीशीं दर वर्षीं नव्यानें केलेला हा तहच होय.

आतां भाईंदरकरांनीं आपल्या पाठीमागें पाहावें. शहराला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान आहे. त्याच्या पोटांत व कडेला १८६० चा विहार, १८७९ चा तुळशी आणि १८९१ चा पवई हे मुंबईच्या पाण्यासाठीं बांधलेले तलाव आहेत, आणि त्यांत खऱ्याखुऱ्या मगरी राहतात. पवईच्या कांठीं सायकलमार्गाचें काम सुरू झालें, तें मे २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदा ठरविलें. खाजणांतला शेतकरी जो तह बांधावर उभा राहून करितो, त्यासाठीं आम्हां शहरवासीयांस न्यायालयाची पायरी चढावी लागली!

दंतकथेंतल्या प्राण्यासाठीं तिकीट काढलें म्हणजे भागतें. खऱ्या प्राण्याला कांठ द्यावा लागतो. नेस सरोवरांत राक्षस नाहीं, तरी लोक त्याच्यासाठीं तासन् तास पाणी न्याहाळीत बसतात. आमच्या तलावांत मगर आहे. पण तिला उन्हांत पडून राहण्यापुरता कांठ राखून ठेवणें आमच्या जिवावर येतें.