मंगळवेढ्याची टीका, बन्नूरची चंद्रिका

मंगळवेढे म्हटले की महाराष्ट्रीय मनुष्यास दामाजीपंत, चोखोबा व कान्होपात्रा आठवतात. खवय्यास तेथील ज्वारीही आठवते. परंपरेने त्याच गावच्या मानलेल्या आणखी एका पुरुषाचे नाव मात्र आपल्या घरांत क्वचितच निघते. येथे म्हैसुरात ते उच्चारताच माध्व शास्त्रीबुवांचे हात जोडले जातात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. ते नाव जयतीर्थांचे. द्वैत संप्रदायात त्यांना नुसते ‘टीकाचार्य’ म्हणतात.

‘टीका’ हा शब्द आपण मराठीत निंदेच्या अर्थाने झिजवून टाकला. शास्त्रात टीका म्हणजे उकल. मध्वाचार्यांची (१२३८–१३१७) वाणी अतिशय त्रोटक. वाक्य संपते तेथे वाचकाची अडचण सुरू होते. चौदाव्या शतकात जयतीर्थांनी त्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर ‘तत्त्वप्रकाशिका’ व ‘अनुव्याख्याना’वर ‘न्यायसुधा’ लिहिली. प्रतिपक्षाची शंका आधी पुरत्या बळानिशी मांडावी आणि मगच उत्तर द्यावे, ही त्यांची रीत. (आमच्या कचेरीतील टिपणे लिहिणाऱ्यांनी ती उचलावयास हरकत नाही!) ‘सुधे’चे अध्ययन आणि पृथ्वीचे राज्य पंडितांनी एकाच तागडीत तोलले आहे, तिचा पाठ पुरा झाला म्हणजे आजही ‘सुधामंगल’ साजरे होते.

पूर्वाश्रमीचे ते धोंडोपंत. घोड्यावर बसूनच नदीच्या प्रवाहास तोंड लावून पाणी पिणारा हा सरदारपुत्र अक्षोभ्यतीर्थांच्या दृष्टीस पडला व पुढे त्यांचा शिष्य झाला, अशी आख्यायिका आहे.

ही टीका पुढे नेणारा पुरुष आपल्या म्हैसूरच्या परिसरातला. येथून पंचवीसेक किलोमीटरवर बन्नूर आहे. हल्ली ते मेंढ्यांसाठी अधिक प्रसिद्ध. परंतु व्यासतीर्थांचा (१४६०–१५३९) जन्म तेथला. विजयनगरात कृष्णदेवरायाने ज्यांना गुरुस्थानी मानले, ते हेच. त्यांनी ‘तत्त्वप्रकाशिके’वर ‘तात्पर्यचंद्रिका’ रचली. म्हणजे सूत्रांवर भाष्य, भाष्यावर टीका आणि टीकेवर पुन्हा विवरण, असा हा मजल्यांवर मजले चढत गेलेला वाडा. एकेका अधिकरणात शंकराचार्य काय म्हणतात, रामानुजाचार्य काय म्हणतात, हे शेजारी ठेवून ‘चंद्रिका’ न्यायनिवाडा करते. ती दोन अध्यायांशीच थांबली. उरलेले दोन अध्याय पुढे व्यासराज मठाच्याच रघुनाथतीर्थांनी ‘शेषचंद्रिका’ लिहून पुरे केले. व्यासतीर्थांच्या ‘न्यायामृता’स उत्तर म्हणून मधुसूदन सरस्वतींनी ‘अद्वैतसिद्धी’ लिहिली, यावरून त्याचा दरारा कळावा. त्यांचा ‘तर्कतांडव’ हा ग्रंथ म्हैसूरच्याच, १८९१ साली स्थापन झालेल्या प्राच्य ग्रंथालयाने छापून प्रसिद्ध केला.

जयतीर्थ मराठी की कन्नड, हा वाद आम्हांस निरर्थक वाटतो. मंगळवेढे कलचुरींचे ठाणे होते. बसवेश्वरांचेही वास्तव्य तेथे झाले. त्या मुलखात दोन्ही भाषा एका विहिरीचे पाणी पीत आल्या. शिवाय जयतीर्थांनी लिहिले ते संस्कृतात, आणि ते समजून घेऊन पुढे नेणारा निघाला तो कावेरीकाठी. ‘आपले येथे काय आहे?’ असे मुले घरी विचारतात, तेव्हा आम्ही त्यांस हीच हकिकत सांगतो. सोमनाथपूरच्या सहलीस मंडळी बन्नूरवरून जातात. तेथे घटकाभर उतरावे, आणि व्यासतीर्थांनी ज्यांच्या ग्रंथावर आयुष्य वेचले ते मंगळवेढ्याचे होते, एवढे मुलांच्या कानावर घालावे.