अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला! विमानात बसेपर्यंत काय काय करावं लागतं?

विद्यापीठाचा ईमेल येतो, घरात पेढे वाटले जातात, व्हॉट्सॲपवर स्टेटस लागतं. पण प्रवेशपत्र म्हणजे फक्त 'तुम्हाला घ्यायला आम्ही तयार आहोत' एवढंच. तिथून पहिल्या वर्गापर्यंत पैसे, कागदपत्रं आणि व्हिसा अशी तीन-चार महिन्यांची धावपळ असते. यातलं एखादं काम उशिरा लक्षात आलं, तर वर्ष वाया जाऊ शकतं. ही कामं कोणत्या क्रमानं करायची, ते पाहूया.

आधी प्रवेशपत्र नीट वाचा

प्रवेश विनाअट आहे की सशर्त, हे पहिलं पाहायचं. शेवटच्या वर्षात असलेल्यांना बहुतेक वेळा अंतिम गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र नंतर द्यायची अट असते. आपल्याकडे दीक्षांत समारंभ उशिरा होतो, त्यामुळे विद्यापीठातून तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट यांच्यासाठी निकाल लागताच अर्ज करावा. ट्रान्सक्रिप्ट सीलबंद लिफाफ्यात मागितली असेल, तर तो लिफाफा घरी उघडू नये. उघडलेला लिफाफा अमान्य होऊ शकतो.

पीएचडीसाठी किंवा शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला असेल, तर १५ एप्रिल ही तारीख महत्त्वाची. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीचा प्रस्ताव स्वीकारायला विद्यार्थ्याला या तारखेपर्यंत वेळ मिळतो. त्याआधी घाईनं होकार देण्याचं बंधन नसतं.

नावाचा घोळ आधी सोडवा

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची ही खास अडचण आहे. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात आणि 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र. त्यातच कुठे 'राव', 'बाई' लागलेलं असतं, तर कुठे गळलेलं. विद्यापीठाचा अर्ज, आय-२०, व्हिसाचा अर्ज आणि विमानाचं तिकीट या सगळ्यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव हवं. स्पेलिंगमध्ये फरक असेल, तर विद्यापीठाला लगेच कळवून आय-२० दुरुस्त करून घ्यावा.

आय-२० म्हणजे काय?

हा विद्यापीठानं दिलेला, अमेरिकी सरकारच्या सेविस यंत्रणेत नोंदलेला दाखला. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाचा पाया हाच. तो मिळण्यासाठी किमान पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढे पैसे आहेत, हे दाखवावं लागतं. त्यासाठी बँकेतली शिल्लक, मुदत ठेव किंवा कर्ज मंजुरीचं पत्र चालतं.

आय-२० हातात आल्यावर जन्मतारीख, अभ्यासक्रम आणि तो सुरू होण्याची तारीख तपासावी. मग स्वतःची सही करावी.

कर्ज घेताना काय विचारायचं?

या टप्प्यावर निर्णय एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. मोठ्या कर्जाला बँका साधारणपणे घर, फ्लॅट किंवा ठेव तारण मागतात आणि आई-वडील सहकर्जदार असतात. त्यामुळे सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात:

• व्याजदर स्थिर आहे की बदलता?
• शिकत असताना व्याज भरायचं आहे का? सरकारी बँकांत सहसा अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि पुढे काही काळ हप्ता नसतो, पण त्या काळातही व्याज लागतच असतं.
• रुपया घसरला तर वाढलेली रक्कम कोण देणार? मंजुरी रुपयांत असते, फी डॉलरमध्ये.
• नोकरी मिळायला उशीर झाला, तर पहिले सहा महिने हप्ता घरून भरता येईल का?

शेवटचा प्रश्न बँकेला नाही, घरच्यांना विचारायचा आहे आणि तो आधीच विचारलेला बरा. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळत आली आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तर जे. एन. टाटा एंडोमेंट ही संस्था १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. दोन्हींच्या मुदती दरवर्षी जाहीर होतात.

व्हिसा: क्रम चुकवू नका

आधी सेविस शुल्क भरायचं. ते बरीच वर्षं ३५० डॉलर आहे, पण भरण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर आकडा तपासावा. मग डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, व्हिसा शुल्क, बोटांचे ठसे आणि शेवटी दूतावासात मुलाखत. मुंबईत अमेरिकेचा वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. उन्हाळ्यात मुलाखतीची तारीख मिळणं अवघड जातं, म्हणून आय-२० मिळाल्या मिळाल्या अर्ज करावा.

सोशल मीडियाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं विचारली जातात. शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. वापरलेलं खातं अर्जात लपवलं, तर ती खोटी माहिती ठरते.

मुलाखत काही मिनिटांचीच असते. हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, हे तीन प्रश्न हमखास येतात. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. शिक्षण झाल्यावर परतण्याचा इरादा पटला नाही, तर कलम २१४(ब) खाली नकार मिळतो. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. व्हिसा शुल्क परत मिळत नाही, मात्र बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला तर सेविस शुल्क नव्यानं भरावं लागत नाही. नकार आला तर प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, हे विद्यापीठाला आधीच विचारून ठेवावं.

लस शेवटच्या आठवड्यात जमत नाही

बहुतेक विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. या दोन मात्रांमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. काही ठिकाणी क्षयरोगाची चाचणीही सांगतात. लहानपणी बीसीजी लस घेतली असेल, तर त्वचेवरची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी चालते का हे विचारावं.

निघण्याआधी आणि पोचल्यावर

आय-२० वरच्या तारखेच्या ३० दिवस आधीपर्यंतच अमेरिकेत प्रवेश मिळतो, त्याआधी नाही. म्हणून तिकीट काढताना ही तारीख समोर ठेवावी. पासपोर्ट, आय-२०, शुल्काच्या पावत्या आणि गुणपत्रिका हातातल्या बॅगेत असाव्यात. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. आईनं दिलेला मसाला, चिवडा, लाडू विमानतळावरच्या अर्जात जाहीर करावेत. मांस, ताजी फळं, बिया नेऊ नयेत. खाद्यपदार्थ लपवल्यास दंड होऊ शकतो.

घर न पाहता, घरमालकाची खात्री न करता ॲडव्हान्स पाठवू नये. त्याच विद्यापीठातल्या जुन्या विद्यार्थ्यांकडून किंवा विद्यापीठाच्या वसतिगृह कार्यालयातून खात्री करून घ्यावी.

पोचल्यावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात नोंद करणं सक्तीचं असतं. सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. बाहेर रोखीनं काम करणं हा नियमभंग आहे आणि त्यात व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. पूर्णवेळ अभ्यासक्रमापेक्षा कमी विषय घ्यायचे असतील, तर आधी याच कार्यालयाची परवानगी लागते. विषय अवघड वाटला म्हणून परस्पर सोडून देण्याची चूक पहिल्या सत्रात अनेकदा होते. अडचण आली, तर पहिला फोन याच कार्यालयाला करावा.