गिरिमोहिमेची शिदोरी

गिर्यारोहणाच्या इतिहासात शिखरावर पाऊल ठेवणाऱ्याचे नाव राहते. त्या पावलामागे किती महिन्यांचा सराव आणि किती जणांचे द्रव्य होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. आज हिमालयाची ओढ लागलेले तरुण-तरुणी वर्गणीपुस्तक घेऊन आपल्या दारी येतात. अशा वेळी इतिहासाची ही बाजू ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम द्रव्याचा विचार करू. १९२४ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेस पैशाची चणचण होती. तेव्हा कॅप्टन जॉन नोएल यांनी मोहिमेच्या चित्रपटाचे व छायाचित्रांचे हक्क ८,००० पौंडांस घेतले आणि खर्चाचा मोठा भार हलका झाला. १९७८ साली अमेरिकेतील स्त्रियांनी आर्लीन ब्लम यांच्या नेतृत्वाखाली ८,०९१ मीटर उंचीच्या अन्नपूर्णेची मोहीम आखली. त्यांना सुमारे ८०,००० डॉलर उभे करावयाचे होते. स्त्रीचे स्थान शिखरावरच आहे, अशा आशयाचे वाक्य छापलेले सदरे त्यांनी हजारोंनी विकले. १५ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्यातील दोघी, दोन शेर्पांसह, शिखरावर पोहोचल्या. परंतु त्यानंतर चढू लागलेल्या दुसऱ्या दोघी परत आल्या नाहीत. वर्गणी देणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे.

आता शिक्षणाविषयी. १९५३ साली तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले; पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयीन गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनसिंग तेथे प्रशिक्षक झाले. १९६५ साली उत्तरकाशीस नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. आपला सह्याद्री हीसुद्धा एक उत्तम शाळाच होय. पाठीवर ओझे घेऊन गड चढल्याने पाय व छाती बळकट होतात, कातळावर दोराचा अभ्यास होतो. मात्र महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे, तर एव्हरेस्ट ८,८४८ मीटरांहून थोडे अधिक. त्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्राणवायू मिळतो. विरळ हवेची सवय शरीरास हळूहळूच लागते. तो धडा हिमालयातच घ्यावा लागतो.

महाराष्ट्राने हे शिक्षण मनापासून घेतले आहे. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. ती मोहीम सैन्यदलाची नसून नागरिकांची होती, आणि उमेश झिरपे तिचे नेते होते. पुढे मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतून निवडून शिकवून तयार केलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांपैकी पाच जणांनी तेच शिखर गाठले. घरी पैसा नसला तरी समाज व शासन पाठीशी उभे राहिले, तर काय घडू शकते, याचा हा दाखला आहे.

तथापि लोकांच्या पैशाबरोबर एक धोकाही येतो. इतक्यांनी पैसे दिले, आता रिकाम्या हाताने कसे परतावे, ही लाज तरुणास मृत्यूच्या दारात नेऊ शकते. येथे भारतीय एव्हरेस्ट मोहिमांचा इतिहास फार बोधप्रद आहे. १९६० साली आपले वीर शिखराखाली सुमारे ७०० फुटांवरून वादळामुळे मागे फिरले. १९६२ साली तर अवघे ४०० फूट उरले असता परतले. या दोन्ही वेळी सोनम ग्यात्सो त्यांत होते. १९६२ साली परतलेल्यांत मोहनसिंग कोहलीही होते. त्याच कोहलींच्या नेतृत्वाखाली १९६५ साली नऊ जण शिखरावर पोहोचले, आणि त्यांत सोनम ग्यात्सो होते. आधी माघार घेतली नसती, तर पुढचे यश भोगण्यास ते उरले असते काय?

म्हणून आमचे वडीलधाऱ्यांस एवढेच सांगणे आहे. मुले वर्गणीस आली असता त्यांना विन्मुख धाडू नये. पण प्रशिक्षण कोठे घेतले, सोबत अनुभवी नेता कोण आहे, साहित्य व विमा यांची तरतूद काय, हे अवश्य विचारावे, आणि मोहीम संपल्यावर पै-पैचा हिशेब मागावा. मुलींनाही हेच निकष लावावेत, अधिक कडक नव्हेत. आणि पावती घेताना मुलांस स्पष्ट सांगावे की, आम्ही शिखर विकत घेतलेले नाही. तुमच्या शिक्षणास हातभार लावला आहे. हवा फिरली तर नि:संकोच मागे फिरा. पर्वत कोठे जात नाही; पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा वर्गणी देऊ.