मधल्या दुकानदाराचा कायदा

अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटारींच्या कारखानदाराला आपला माल गिऱ्हाइकास थेट विकता येत नाही. मध्ये स्वतंत्र विक्रेता असावा लागतो. खुल्या व्यापाराचा अभिमान बाळगणाऱ्या देशात हे बंधन आले कोठून, ते आपण पाहू.

१९२०-२१ च्या मंदीत फोर्डच्या मोटारी पडून राहिल्या. तेव्हा हेन्री फोर्डने त्या, मागणी नसताना, विक्रेत्यांकडे रवाना केल्या आणि पैसे रोख मागितले. नकार द्यावा तर एजन्सी जाणार! विक्रेत्यांनी गावच्या बँकांतून कर्जे काढली आणि फोर्डचा कारखाना तरला. असली गाऱ्हाणी पुढे विधिमंडळांत पोचली. १९३७ साली विस्कॉन्सिनने परवान्याच्या कायद्याने कारखानदारांना वेसण घातली. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने विक्रेत्यास त्यांच्यावर फिर्याद करण्याचा हक्क दिला. पुढे कित्येक राज्यांनी कारखानदारास स्वतःचे दुकान थाटण्यासच मनाई केली.

परंतु टेस्ला कंपनीने विक्रेते नेमलेच नाहीत. २०२२ मध्ये तिने टेक्सासात ऑस्टिनजवळ मोठा कारखाना उघडला; तरी त्या राज्याच्या कायद्याने तिला तेथे स्वतःचे विक्रीचे दुकान काढू दिले नाही! विक्रेते म्हणतात, आम्ही नसलो तर गिऱ्हाईक एकट्या कारखानदाराच्या मुठीत जाईल. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण ज्याला विक्रेताच नाही, तो जुलूम करणार कोणावर?

दुबळ्याच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण पुढे कोणाची मिरास होते, हेही आपण पाहिले पाहिजे. कायद्याचा जन्म न्याय्य असला, म्हणून त्याचे सारे आयुष्य न्याय्य ठरत नाही.