बाकी किती?

गेल्या वर्षी पुण्यात नवी नोकरी लागली. ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन नीट झालं तरच ही ऑफर पक्की. आणि जुन्या कंपनीने रिलिव्हिंग लेटर अडवून धरलेलं: नोटीस पिरियडचे पैसे भर, मग देतो. आईला तुळजापूरला फोन करून हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजी मुकादमाचंच की रं हे."

मला आधी हसू आलं.

आई-वडील पंधरा हंगाम ऊसतोडीला गेले. दसऱ्याला तुळजाभवानी श्रमनिद्रेला जाते, कोजागरीच्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. आमच्या टोळीची निघायची तयारी त्याच सुमाराला चालायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागे मुकादम आधीच उचल देतो, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. एका साली आई आजारी पडली, दोघं मधूनच परतले, अंगावर बाकी राहिली. पुढच्या वर्षी वडील दुसऱ्या मुकादमाकडे गेले. काम कसं करता, हे त्याने विचारलंच नाही. जुन्या मुकादमाला फोन लावला आणि म्हणाला, "बाकी किती?" ती त्याने भरली आणि आमच्या नव्या उचलीतून कापून घेतली. हिशेब मुकादमाच्या वहीत, वडिलांच्या हातात कागद नाही. तो सांगेल तो आकडा खरा.

कागद हातात असला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. इंग्रजी अमदानीत साहेबाची बदली झाली की खानसाम्याला, आयाला तो एक चिठ्ठी लिहून देई. पुढचा साहेब ती वाचून नोकर ठेवी. आपला हा शब्द इंग्रजांनी उचललाच. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'चिट'चा एक अर्थ नोकराला दिलेला दाखला असा आहे. गंमत म्हणजे ज्याची चिठ्ठी, त्यालाच बहुतेक वेळा ती वाचता येत नसे.

मुंबईच्या गिरण्यांत चिठ्ठीची जागा जॉबरने घेतली. ओळख त्याची, भरती त्याच्या हातात आणि वर दस्तुरी. पुढे १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांत कायम कामगाराला, बडतर्फ झाला तरी, नोकरीचा दाखला मिळण्याचा हक्क आला. ऊसतोड्याला कायम कोण म्हणणार?

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने मात्र नेमकी आमची गोष्ट पकडली. उचलीपोटी दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य गमावणं, हे त्यातल्या व्याख्येतच आहे. वडिलांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग उचल कोण देणार?"

मी शेवटी पैसे भरले. पत्र आलं. त्यात माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि खाली एक ओळ: कोणतीही रक्कम येणे बाकी नाही.