मद्य आणि तख्त

अकबराच्या घराण्याविषयी एक सोपा तर्क हौशी इतिहासप्रेमींच्या तोंडी वारंवार आढळतो: शाहजादा सलीम मद्यपी होता, म्हणूनच १६०२ त त्याने अबुल फजलाचा खून करविला.

व्यसन निर्विवाद आहे. पुढे जहांगीर या नावाने तख्तावर बसलेल्या सलीमने आपण एके काळी दिवसाला वीस प्याले कडक दारू पीत होतो, असे आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. परंतु त्याच ग्रंथात खुनाची कबुलीही आहे, आणि तेथे कारण दिले आहे ते नशेचे नव्हे, भयाचे. दक्षिणेतून परतणारा अबुल फजल पित्याचे मन अधिकच कलुषित करील, ही ती भीती. वीरसिंह बुंदेल्यास हाताशी धरून वाटेतच त्याला गाठविणे, हा बेत शुद्धीवरच्या माणसाचा आहे.

सलीमचे भाऊ मुराद व दानियाल मद्यापायीच गेले. त्यांनी नाश केला तो स्वतःचा. उलटपक्षी, मद्यापासून दूर राहणाऱ्या औरंगजेबाने १६५९ त दाराचा व १६६१ त मुरादबक्षाचा वध करविला. वारसाचा नियमच नसलेल्या घरात भाऊ हाच वैरी ठरतो. सारा दोष प्याल्यावर ढकलला की तख्त निर्दोष सुटते. हा न्याय आम्हांस मान्य नाही.