अकोल्याची बँक आणि यवतमाळचे पाच लाख

2021 च्या नोव्हेंबरात यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खात्यात कितीही असो, काढता येणार फक्त 5,000 रुपये. दिवाळी नुकतीच सरलेली, कापूस वेचणीचे दिवस, मजुरी द्यायची, आणि पैसा अडकलेला. वर्षभराने परवानाच रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, असे कारण दिले गेले. पण तोवर ठेवीदारांच्या हाती 294 कोटींवर रक्कम पडली होती. ती बँकेने नाही, ठेव विमा महामंडळाने दिली.

या विम्याची मुळे आपल्याच विदर्भात आहेत. 1960 साली दोन बँका बुडाल्या, केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या शेजारची, अकोल्याची लक्ष्मी बँक. लोकांचा बँकांवरचा विश्वासच उडायची वेळ आली. तेव्हा सरकारने कायदा केला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना विमा मिळाला, माणशी 1,500 रुपयांपर्यंत. सहकारी बँका त्यात नव्हत्या. त्यांच्यासाठी 1968 मध्ये कायदा बदलावा लागला. मर्यादा वाढत 1993 ला एक लाख झाली, 2020 ला पाच लाख. तरी बँक गुंडाळेपर्यंत वाट पाहण्यात वर्षे जायची. सप्टेंबर 2021 पासून निर्बंध आल्यावर 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे ठरले. यवतमाळचा आदेश त्यानंतर दोनच महिन्यांनी आला.

हे पाच लाख एका ठेवीदाराला, एका बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून. तीन शाखांत तीन खाती असली तरी पाचच. म्हणून गटाची मोठी रक्कम एकाच बँकेत साठवायची का, हे बैठकीत बोलून घ्या.

आणि पतसंस्था? पाटी बँकेसारखी, काउंटर बँकेसारखे, व्याज थोडे जास्तच. पण तिथल्या ठेवींना हा विमा नाही. कितीतरी बायांना हे ठाऊक नसते, आणि कुणी आपणहून सांगतही नाही.

तिथे आधार हिशेबाचाच. 1904 चा पहिला सहकार कायदा आला तेव्हा सरकारने संस्थांना कर माफ करण्याची सोय ठेवली, आणि वर्षातून एकदा तरी हिशेबतपासणी सक्तीची केली. तोच व्यवहार अजून चालू आहे. सभासदांना कर्ज देऊन झालेल्या नफ्यावर पतसंस्थेला आयकरात वजावट मिळते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. उशीर झाला की कर भरावा लागतो, आणि तो जातो सभासदांच्याच नफ्यातून.

महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्याने सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सभेचे इतिवृत्त कार्यालयात बसून फुकट पाहता येते. नुसत्या ठेवीदार असाल तर हा हक्क नाही. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायला हवी. तिथे उठून दोन गोष्टी विचारा: तपासणीत वर्ग कोणता मिळाला, अ की ड? आणि आयकराचे विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले?